आईच्या मडक्यातलं तूप

माझी आई तूप खात नसे. कोणी ताटात वाढलंच तर "मले त्याचा वास नाही चालत" म्हणायची आणि ते माझ्या नाहीतर बाबांच्या भातावर सारायची. मला ते खरंच वाटायचं. उलट मनातून मी तिला जरा नाक मुरडणारी समजत असे.

नागऱ्याच्या शिवमंदिरापासून दोन कोसांवर आमचं गाव. धानाची थोडी शेती आणि दारात एकच म्हैस. माझं लग्न ठरलं त्या दिवसापासून आई लोणी बाजूला काढायला लागली. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि त्या बाळंतपणाचं तूप लग्न ठरल्यापासून साठवायचं, ही आमच्या घरची रीत. आठवड्याचं लोणी कढवायचं, मातीच्या मडक्यात ओतायचं. मडकं भरलं की तोंडाला फडकं बांधून वरून माती लिंपायची आणि कोठीतल्या धानात ते गळ्यापर्यंत पुरून ठेवायचं. माझं मडकं भरलं, लग्न झालं, आणि पुढच्याच पावसाळ्यात आई तापानं गेली.

मी बाळंतपणाला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. बाबांची विधवा बहीण शेजारीच राहायची. माझं सगळं त्या आत्यानंच केलं. मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी आत्यानं कोठीतून मडकं काढलं. माती फोडली, फडकं सोडलं, वाकून वास घेतला आणि मान मागे घेतली.

"वास मारून राहिलं," ती म्हणाली. "दोन वरसाचं तूप. बाळंतिणीले कसं देऊ? इच्या पोटातून लेकराच्या पोटात जाते. बैलाच्या खांद्याले लावाले ठेवा."

बाबा दारात उभे होते. "तिच्या हातचं हेच राहिलं आता," ते म्हणाले. "फेकाची घाई कायले करतं?"

आत्याचं स्वतःचं एक लेकरू पोटाच्या दुखण्यानं गेलं होतं, त्यामुळे ती ताकही फुंकून पिणारी. पण भावाच्या तोंडाकडे पाहून ती खाली बसली. वरचा दोन बोटांचा पिवळट, चिकट थर तिनं उलथन्यानं खरवडून काढला. खाली तूप रवाळ होतं. त्यातलं चिमूटभर तळहातावर चोळून तिनं पुन्हा वास घेतला. तापल्या तव्यावर थेंब टाकला, तो तडतडला नाही. मग पणतीत घालून वात लावली. ओल राहिली असती तर वात चटचटली असती, ती सरळ जळली. तरी आत्याचं मन घेईना.

"मी खाऊन पायतो," बाबा म्हणाले. "तीन दिवस मले काही झालं नाही तं हिले देजो."

तीन दिवस बाबा दोन्ही वेळा ते तूप भातावर घेऊन जेवले. आत्या रोज सकाळी त्यांना पोटाचं असं काही विचारायची की ते वैतागून गोठ्यात निघून जायचे. मी खाटेवरून हे पाहत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर न खाताच खवखवत होतं.

कारण त्या मडक्यातलं एका आठवड्याचं तूप माझं होतं. महाशिवरात्रीचा दिवस होता, नागऱ्याच्या यात्रेला जायला बंडी जुंपलेली. आई विहिरीवर गेली होती. लोण्याची तडतड पुरती थांबली, तळाची बेरी लालसर झाली की मगच उतरव, असं ती बजावून गेली होती. बंडीतल्या पोरी हाका मारत होत्या. मी तडतडतं तूप तसंच उतरवलं, एका गाडग्यात गाळलं आणि पळाले. संध्याकाळी परत आले तर गाडगं धुऊन पालथं घातलेलं. आई काहीच बोलली नाही. तिला कळलं नाही, तिनं ते मोठ्या मडक्यात ओतलं, असं मी धरून चालले. मीही तोंड उघडलं नाही. कच्चं तूप नासतं आणि आपल्याबरोबर बाकीचंही नासवतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

बाबांचे तीन दिवस सरले आणि चौथ्या दिवशी आत्यानं मला गरम भात वाढला, वर चमचाभर तूप सोडलं. बाबा ठणठणीत होते, समोरच बसलेले. मी घास उचलला आणि खाली ठेवला.

"काऊन वो माय?" बाबांनी विचारलं.

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. तळाशी कुठंतरी माझं कच्चं तूप आहे, आईची सगळी मेहनत मीच नासवली, असं म्हणाले. आत्याचा हात माझ्या ताटाकडे गेलाच होता.

"राहू दे ताट," बाबा तिला म्हणाले. "ते तूप यात नाही. त्याच दिवशी ओळखलं इच्या मायनं. मी म्हटलं, परत कढव. तं म्हणे, पोरीच्या हातचं पहिलं तूप हाय, मीच खाईन. पोरगी घरात नसली का घ्याची भातावर. महिनाभर पुरवलं."

आत्या म्हणाली, "पण तिले तं तुपाचा वास चालत नव्हता!"

"काऊन नाही चालणार?" बाबा म्हणाले. "लय आवडे तिले."

मला आईचा रागच आला. इतकी वर्षं एका ताटाजवळ बसून आम्हाला फसवलं तिनं, आणि आता भांडायला समोर नव्हती. बाळ रडायला लागलं तसं आत्यानं ते उचलून घेतलं. "भात निवून राहिला, खाय," बाबा म्हणाले. मी तो कालवला आणि ताटात एक शीत ठेवलं नाही.