तपासणीला नेलेला देखणा रोहू

आमच्या घराण्याचा माशाशी संबंध मत्स्यावतारापुरता. तरी भिंगारच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी श्रीगोंद्याकडे, एका शेतकरी मित्राच्या शेततळ्यावर चकरा मारू लागलो. उसासाठी पाणी साठवायचं ते तळं. त्यात मित्राने भावाशी भांडून रोहू आणि कटला सोडले होते. हे मासे मेले तर पुन्हा तळ्यात मासा दिसणार नाही, असं तो चारचौघांत बोलून बसला होता.

मी बांधावर उभा राहिलो की पाणी उकळल्यागत व्हायचं. नुसती तोंडंच तोंडं! अख्ख्या नोकरीत माझ्या तासाला कुणी एवढ्या ओढीने आलं नव्हतं.

एका रविवारी मात्र कुणीच वर आलं नाही. काठाला चार-पाच मासे मरून तरंगत होते. अंगावर लालबुंद फोड, खवले उचललेले. मित्र कपाळाला हात लावून बांधावर बसला. मी मात्र पेटलो. दहा ठिकाणी फोन फिरवून नगरात माशांचे रोग तपासणाऱ्या डॉक्टरबाई शोधल्या. त्यांनी सांगितलं, नमुन्याला जिवंत मासा घेऊन या.

आता नमुना न्यायचा म्हणजे कसा? मागे मित्राची गाय विकायला घोडेगावच्या बाजारात गेलो होतो, तेव्हा त्याने तिला धुऊन, शिंगांना तेल चोपडून उभी केली होती. ती रीत माझ्या डोक्यात पक्की बसलेली. जाळ्यातले फोडवाले मासे मित्राने पुढे केले, तर मीच ते बाजूला सारले. परक्या बाईंसमोर असले न्यायचे? उरलेल्यांतला सगळ्यात देखणा रोहू निवडला, दुधाच्या किटलीत सोडला आणि मोटारसायकलवर मित्राच्या मागे किटली पोटाशी धरून बसलो. नगर येईपर्यंत निम्मं पाणी माझ्या विजारीत.

बाईंनी मासा उलटसुलट केला, कल्ले उघडून पाहिले.

"हा तर ठणठणीत आहे. आजारी मासा कुठंय?"

"आजारी घरी ठेवलेत," मी म्हणालो.

मित्र शांतपणे म्हणाला, "म्याडम, मास्तरांनी मासा न्हाई, नवरदेव आणलाय."

दुसऱ्या दिवशी त्याच किटलीतून फोडवाला गेला. बाईंनी फोडाच्या कडेचं जरासं खरवडून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला डोळा लावायला सांगितला. आधी नुसता धूसर उजेड. मग काय ती धांदल! बारीक बारीक काड्या, इकडून तिकडे सुसाट. एक थांबली, वळली, पुन्हा सुटली. मी खुर्चीवरून उठलोच. मित्राची मान धरून त्याला खाली वाकवलं. हे बघ, हेच ते जिवाणू, सापडले!

"मास्तर, त्ये आपलं मासं खात्यात," तो डोळा न काढता म्हणाला, "अन् तुमी पेढे वाटताय व्हय?"

बाईंनी समजावलं. नेमका प्रकार कळायला ते प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतील, औषध त्यानंतर ठरेल. पण असले जिवाणू बहुतेक तळ्यांत असतातच. धडधाकट माशाला सहसा त्रास देत नाहीत. उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, पाणी बिघडलं, मासा थकला, की ते चढाई करतात. मग त्यांनी विचारलं, "खाद्य जास्त होतंय का?"

मित्र ठामपणे म्हणाला की रोज मापाने घालतो. मग त्याची नजर माझ्या पिशवीकडे गेली. तिच्यात शेंगदाण्याची पेंड होती. त्याचा पाय बांधावरून हलला, की मी दर खेपेला ती पसापसाने उधळत असे. त्याशिवाय का ती तोंडं माझ्याकडे यायची!

परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "भावाला मी काय सांगू, त्ये तुमीच सांगा."

भावाला मीच सांगितलं. तो इतका हसला की भांडण विसरला. मग काही दिवस खाद्य बंद. तळातलं घाण पाणी उसाला, वरून ताजं पाणी तळ्यात. मेलेले मासे चुना टाकून लांब पुरले. तपासणीचा निकाल आल्यावर बाईंनी सांगितलेलं औषध थोड्याशा खाद्यातून दिलं. मरायचे ते थांबले, पण वर कुणी येईना.

एका सकाळी मित्राने माझ्या हातावर खाद्याची मोजून एक मूठ ठेवली. टाकली. पाणी गप्प. मग काठापाशी एक तोंड उघडलं. त्याच्यामागे दुसरं. आणि बघता बघता सगळं तळं उसळलं!

मी दुसऱ्या मुठीसाठी हात पुढे केला. मित्राने पोत्याचं तोंड बांधलं आणि माझे खिसे चाचपले.