टँकरवाल्या हनुमानची शिकवणी

करमाडच्या आसपास हनुमानला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि ही ओळख सगळी पाण्याच्या टँकरची. बाप मेंढरं राखायचा. हनुमाननं काठी टाकून स्टेअरिंग धरलं त्याला बावीस वर्षं झाली. दुष्काळ पडला की त्याचा भाव वधारायचा, आणि दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. पहाटे पाचला पहिली खेप, मग दिवसभर वाड्या-वस्त्या. मधेच शेंद्र्याकडच्या नव्या इमारतींना एखादी. ज्या माळावर बापाची मेंढरं चरली तिथल्या सातव्या मजल्यावरच्या लोकांच्या आंघोळीचं पाणीही आता हनुमानच नेत होता. टँकर दिसला की बायाबापड्या हंडे घेऊन धावत सुटायच्या. रोज एवढं स्वागत झालं तर कुणाच्याही डोक्यात हवा जाणारच. गाडी चालवावी तर आपणच, असं तो न विचारता सांगत फिरायचा.

त्याची सतरा वर्षांची अक्षदा लर्निंग लायसन काढायचं म्हणाली तेव्हा म्हणूनच तो भलताच खूश झाला. वस्तीवरून करमाडच्या कॉलेजला जायची सकाळची एसटी बंद झाली होती. मामानं आपली बॅटरीवरची छोटी दुचाकी द्यायचं कबूल केलं होतं. त्या वयात तेवढीच चालवता येते, तीही बापाच्या संमतीच्या सहीनं. बापानं सही तर केली, अडून बसली ती आई, बानाबाई.

"आधी परीक्षा पास होऊ दे तिला," ती म्हणाली. "नाय झाली तर गाडी नाय. बारावी घरी बसून बाहेरून दे म्हणावं."

बानाबाई एकदा बोलली की विषय संपला. तिला दुसऱ्यांदा विचारायच्या भानगडीत घरातलं कुणी पडत नसे.

परीक्षा ऑनलाइन होती. तिच्याआधी वाहतुकीच्या नियमांचा व्हिडिओ पाहायचा, तो पूर्ण झाल्याशिवाय परीक्षा उघडत नाही. अक्षदा वही-पेन घेऊन मोबाइलपुढं बसली. हनुमाननं मोबाइल उचलला आणि भिंतीकडं तोंड करून कोनाड्यात उभा केला.

"बोलू दे त्याला भिंतीशी. बावीस वर्षं झाली, गाडीला साधा ओरखडा नाय, अन् आता ह्या डबड्याकून शिकायचं व्हय? इकडं बस. मी सांगतो."

मग त्यानं ढाब्यावर, वाळूच्या पट्ट्यात, ड्रायव्हर लोकांत मुरलेलं सगळं शास्त्र सांगितलं. पुढच्या ट्रकनं उजवा दिवा लुकलुकवला म्हणजे तो आपल्याला पुढं काढ म्हणतोय. चौकात सरळ जायचं तर चारही दिवे चालू ठेवायचे. अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर ज्यानं आधी डिप्पर मारला, म्हणजे पुढचे दिवे लुकलुकवले, पूल त्याचा. अक्षदा मान डोलवत होती. एकदाच म्हणाली, "आबा, परीक्षेत पण असंच असतं का?"

"मी दिलीय की परीक्षा," हनुमान म्हणाला.

दिली नव्हती. त्याचं लायसन एका एजंटानं काढून आणलं होतं. ह्यानं दोन फोटो दिले, चार कागदांवर सह्या केल्या आणि महिन्यानं लायसन खिशात. हे बानाबाईलाही ठाऊक नव्हतं.

करमाडात सुकेशनीताईंचं ऑनलाइन सेंटर होतं. परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला तर परीक्षा रद्द होते, म्हणून ताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. हनुमान काचेच्या दारापाशी उभा राहिला, अगदी अक्षदाच्या समोर. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. पोरगी उत्तर द्यायच्या आधी एकदा दाराकडं बघायची, आणि हनुमान दाखव तुझा हिसका अशा थाटात मान हलवायचा.

अक्षदाची आठच बरोबर आली.

"रस्त्यावरची चिन्हं सगळी बरोबर आली की गं," सुकेशनीताई दार उघडून म्हणाल्या. "मग पुलावर डिप्पर मारून आधी घुसायचं, चौकात चारी दिवे लावायचे, हे कुणी शिकवलं तुला?"

बाहेर सात-आठ माणसं होती. त्यांत वस्तीवरचा धोंडिबाही होता. "टँकरवाल्याची पोरगी अन् नापास?" तो मोठ्यानं म्हणाला.

अक्षदानं बापाकडं बघितलं. "कुणी नाय, ताई," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

तिथं हनुमाननं तोंड उघडायला हवं होतं. त्यानं उघडलंही. "लक्षच नसतं हिचं!" तो सगळ्यांदेखत खेकसला. "कवा पाह्यलं तवा मैत्रिणी!"

बोलून झालं आणि त्याचे कान तापले. आपल्याला येत नाही, याची लाज त्याला सोसली असती. पोरीनं आपल्याला झाकलं आणि आपण तिलाच उघडं पाडलं, ही लाज मात्र गिळता येईना. घरी बानाबाईनं निकाल ऐकला, "झालं तर मग," एवढंच म्हणाली आणि भावाला गाडी आणू नको म्हणून फोन लावला.

दुसऱ्या दिवशी हनुमाननं चार खेपा केल्या. बाया नेहमीसारख्याच धावत आल्या. "आला गं हनुमानभाऊ," कुणीतरी ओरडलं, आणि त्याला वाटलं, ह्यांना कळलं तर? नळी सोडताना त्यानं कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. परतताना नदीच्या पुलावर त्याचा हात सवयीनं डिप्परवर गेला. समोरून स्कूटीवर एक मुलगी येत होती. ती घाबरून पार कठड्याला चिकटली, टँकर जाईस्तोवर पाय टेकून थांबली. बावीस वर्षांत अशी किती माणसं कठड्याला चिकटली असतील, हे त्यानं कधी मोजलंच नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

दुपारी तो घरी आला आणि जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. अक्षदा समोरच ज्वारी निवडत होती.

"पोरीचं काय चुकलं नाय," तो बानाबाईला म्हणाला. "म्याच तसं शिकवलं. अन् मी परीक्षा कधी दिलीच नाय. लायसन एजंटानं काढलंय माझं. काल तिथं चार माणसांत बोलायला जीभ वळली नाय, तिच्यावरच ओरडलो."

अक्षदाचे हात थांबले.

"आबा, मी व्हिडिओ बघितला होता," ती हळूच म्हणाली. "मैत्रिणीच्या मोबाइलवर, दोनदा. मला खरी उत्तरं येत होती."

"मग तीच द्यायची ना, बाई!" हनुमान म्हणाला.

"बोट तिकडंच चाललं होतं. पण तुम्ही दारात उभे होते. मला वाटलं, व्हिडिओच चुकला असंल. आबा कशाला चुकीचं सांगतेल?"

बाजूला सारलेल्या ताटातली भाकरी हनुमान उगाच मोडत राहिला. डोळे भरून आले ते त्यानं पुसलेही नाहीत.

बानाबाईनं पोरीच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडं ओढून घेतलं.

"उद्या परत दे परीक्षा," ती अक्षदाला म्हणाली. आणि नवऱ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "तुम्ही मात्र संगं जाऊ नका."

"नाय जात," हनुमान म्हणाला.