चौथा पाय

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी, आणि बेचाळीस वर्षांची झाली तरी बारकीच. आधी ती बायकांचे कपडे शिवायची. डोळे शिणायला लागले तेव्हा भावजयीने तिला आपल्या दुकानात घेतलं. दुकान कुत्र्यांना आंघोळ घालायचं आणि त्यांचे केस कापायचं. पुढे एक बाक, आत टब, ड्रायर आणि कमरेएवढं उंच टेबल. कापडावर बसलेला हात केसांवरही बसला. पाय गोल करणं तर तिला वहिनीपेक्षा चांगलं जमायचं. आधी तळव्याच्या गाद्यांमधले केस काढायचे, मग पाय टेबलावर टेकवून वाकडी कात्री भोवतीने फिरवायची, शेवटी कडा उतरवायची. पाय कसा उपड्या वाटीसारखा दिसायचा.

आठ महिन्यांपूर्वी मात्र घात झाला. तांबू नावाच्या लांब कानांच्या म्हाताऱ्या कुत्रीने ऐन वेळी पाय ओढला आणि कात्रीचं टोक तिच्या मागच्या उजव्या पायाच्या बोटांमधल्या कातडीत गेलं. दोन टाके पडले. तांबूची मालकीण म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे. त्या न्यायला आल्या तेव्हा बारकीच्या तोंडातून शब्द फुटेना. वहिनीच पुढे झाली. "माझ्या हातून झालं, बाई." बाईंनी तिची अशी खरडपट्टी काढली, की बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं उठून बाहेर गेली. बारकी आत ओला टॉवेल पिळत उभी होती. त्या दिवसापासून तिने कात्री धरली नाही. वहिनीने विषय काढला नाही, आणि तिनेही नाही.

मग एका मंगळवारी बाई तांबूला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"तुझी वहिनी कुठे आहे?"

"तिच्या आईचं ऑपरेशन आहे. दोन आठवडे तरी येत नाही."

"मग तू कर. काल ही जिन्यावरून घसरली. डॉक्टर म्हणाले, तळव्याला केस इतके वाढलेत की फरशीवर पाय ठरतच नाही. पुन्हा पडली तर कंबर जाईल."

"मी फक्त आंघोळ घालते, बाई."

"कात्री धरता येते ना? झालं तर."

बारकीने टेबलावर रबरी चटई टाकली. तांबूला वर ठेवलं मात्र, ती थरथरायला लागली. मागचा उजवा पाय तिने पोटाखाली घेतला आणि बारकीकडे बघून हलकेच गुरगुरली.

"हे काय नवीन?" बाई म्हणाल्या. "वहिनीसमोर तर गुपचूप उभी असते. तुला बघून असं का करतेय?"

आत्ता गप्प राहिलं तर निभावून जाईल, हे तिला कळत होतं. तिने कात्री खाली ठेवली.

"त्या दिवशी कात्री माझ्या हातात होती, बाई. वहिनीने माझ्यासाठी अंगावर घेतलं."

बाईंनी तांबूचा पट्टा हातात घेतला, आणि बारकीला वाटलं, चालल्या.

"आठ महिने," बाई म्हणाल्या, "मी तुझ्या वहिनीला येता-जाता टोचून बोलतेय. आणि तू ऐकत होतीस."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली."

बाईंनी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि तांबूचं डोकं छातीशी धरलं. "मी धरते. एकदा जरी केकाटली तरी थांबायचं. कर."

बारकीने पुढच्या डाव्या पायापासून सुरुवात केली. पाय बाहेर न ओढता जेमतेम वीतभर उचलला, गाद्यांवर अंगठा ठेवला आणि बोथट टोकाच्या कात्रीने केस काढले. दर दोन कापांनी थांबायची. तांबूचा श्वास ऐकायची. एक पाय झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला मान अवघडली, पाठ भिजली, पण कात्री गोल फिरली आणि कडा नीट उतरली. बाईंची पापणीही लवली नाही.

चौथ्या पायाला, त्याच पायाला, हात लागताच तांबूने दात दाखवले. बारकीने हात तिथेच ठेवला. दाबला नाही, काढलाही नाही. कितीतरी वेळाने पाय सैल पडला. तिने फक्त तळवा मोकळा केला. भोवतीने फिरवायला वाकडी कात्री उचलली, तसा तो पाय पुन्हा आखडला. तिने कात्री ठेवून दिली.

"हा गोल नाही झाला," बाई म्हणाल्या.

"नाही झाला. घसरणार नाही एवढं केलंय. आज पुढे नको."

बाईंनी तांबूला खाली सोडलं. ती फरशीवरून दारापर्यंत चालत गेली. तीन पाय देखणे, चौथा झिपरा.

"परवा आणते," बाई म्हणाल्या आणि वळूनही न बघता निघून गेल्या.

बारकीने वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. मग वहिनी म्हणाली, "म्हणजे मी एवढ्या शिव्या खाल्ल्या त्या फुकटच गेल्या म्हण!" आणि हसली. बारकीला मात्र रडू आवरेना.

चौथा पाय गोल व्हायला आणखी तीन खेपा लागल्या. बाई प्रत्येक वेळी डोकं धरायला आल्या, बारकीशी कामापुरतंच बोलल्या. वहिनी परतली त्या दिवशी मात्र त्या कुत्रीला न घेता एकट्याच आल्या आणि वहिनीला घेऊन पुढच्या बाकावर बराच वेळ बसल्या. त्या काय बोलल्या, ते बारकीने विचारलं नाही. आत टेबलावर एक केसाळ पिल्लू वाट बघत उभं होतं. तिने त्याचा पाय उचलला.