लग्नाला गेलेला मॅनिफोल्ड

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू कमी येतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण मी त्यांच्याशी बोलते ते गल्लीलाही ऐकू जातं. मी ‘दादा, चहा!’ म्हटलं की समोरच्या दुकानातला शिंपी ‘आलो आलो’ म्हणतो. कानाचं मशीन आणून झालं. दोन दिवस घातलं आणि ‘ह्याच्यात निस्ता पंखा ऐकू येतो’ म्हणून दादांनी ते कपाटात ठेवून दिलं.

खरं दुखणं कानाचं नव्हतं. ऐकू येईना म्हणून दादांनी हळूहळू बोलणंच सोडलं होतं. काहीही विचारा, उत्तर ‘हाव’. जेवलात? हाव. बरं वाटतंय? हाव. घर पेटलंय? हाव. मी मुळात तापट, त्यात दिवसभर ओरडून घसा बसायचा, म्हणून मीही ओरडणं कामापुरतं केलं: गोळी, जेवण, आंघोळ. ज्या माणसाच्या गप्पा ऐकायला गिऱ्हाईक गाडी दुरुस्त झाल्यावरही हलत नसे, तो माणूस माझ्यासमोर मुका होत चालला होता. मला ह्याची फार भीती वाटत होती.

नांदेडात आमचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आधी त्याच जागेत दादांचं गॅरेज होतं. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी लातूरचे एक डाळ मिलवाले दुकानात आले. वयानं माझ्याहून लहान, पण लातूरकडच्या पद्धतीप्रमाणे सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. त्यांच्याकडे आजोबांच्या काळची आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी आहे, आमच्या दुकानापेक्षा लांब. ती त्यांना पुन्हा होती तशी करायची होती. सगळं जमलं होतं, फक्त इनटेक मॅनिफोल्ड मिळत नव्हता.

सांगते. कार्बोरेटरमधून येणारी हवा आणि पेट्रोल आठही सिलिंडरांना सारखं वाटून देतो तो मॅनिफोल्ड. पंगतीतला वाढपीच म्हणा. साध्या गाडीवर कार्बोरेटर एक. ह्या गाडीवर ओळीनं तीन, म्हणून मॅनिफोल्डही तीन तोंडांचा, आणि तसला आता अमेरिकेतही शोधून सापडत नाही म्हणे. पण आपल्याकडे गाडी कुठलीही असो, पहिला प्रश्न एकच: किती देते? तीन कार्बोरेटर म्हणजे घरात एकदम तीन जावई मुक्कामाला. आप्पांच्या आजोबांनी कंटाळून ते काढायला लावले आणि साधा एकतोंडी मॅनिफोल्ड बसवून घेतला. हे काम करणारा मिस्त्री म्हणजे आमचे दादा.

आप्पांनी मोबाइलवरचा फोटो दादांपुढे धरला. दादांनी चष्मा पुसला, फोटो बघितला, आणि चक्क बोलले.

“हे तीनतोंडी हाय. हे म्या काढलं. लई पाप केलं बघा. मालक म्हणले काढ, म्हणून काढलं. गाढवाला गुळाची चव काय!”

आप्पांच्याच तोंडावर त्यांच्या आजोबांना गाढव म्हणून झालं. मी जीभ चावली, पण आप्पा खो खो हसत सुटले. मी बिलाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आता कुठे आहे?’

“देगलूरच्या लोहाराला देल्लं. त्याच्या भट्ट्यांला वारा वाटायला. वारा वाटायसाठीच केल्यालं हाय ते, वाटील की.”

इतकी वाक्यं मी वर्षभरात ऐकली नव्हती. मॅनिफोल्ड गेला उडत, पण दादांना बोलतं ठेवायला मी देगलूर काय, हैदराबादपर्यंत गेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानाचं शटर खाली ओढून आम्ही आप्पांच्या गाडीत बसलो. तो मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, म्हणजे आमच्या भाषेत जर्मनचा, आणि जर्मन भंगारात गेलं की त्याची पातेली होतात. देगलूर येईपर्यंत आप्पा हेच सांगत होते आणि दादा खिडकीबाहेर बघत ‘हाव’ म्हणत होते.

म्हातारा लोहार कधीच वारला होता. त्याचा मुलगा आता वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याला फोटो दाखवला.

“हे व्हय? हे लग्नाला गेलंय,” तो म्हणाला.

“कुणाच्या?” मी विचारलं.

“कुणाच्या बी. सीझनभर जातंय. आज जवळच हाय, वावरात मांडव हाय बघा.”

झालं होतं असं. म्हाताऱ्यानं मॅनिफोल्डच्या वरच्या एका तोंडाला पंखा जोडला होता, खालच्या आठांपैकी तीन तोंडांना लांब लोखंडी नळ्या लावल्या होत्या आणि बाकीची तोंडं पत्र्यानं बंद केली होती. एका पंख्यावर तीन चुली भडभडून पेटायच्या. दुकानातल्या भट्ट्या बंद झाल्यावर ही वस्तू आचाऱ्यांकडे भाड्यानं जायला लागली. आख्ख्या जगाला न मिळणारा तो पार्ट देगलूर तालुक्यात बुंदी तळत होता.

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आप्पा सरळ चुलींकडे धावले. चुलीपासून चार हातांवर, राखेनं माखलेला, तेलानं काळा झालेला तो मॅनिफोल्ड विटांवर ऐटीत बसला होता. आप्पांनी हात पुढे केला तसा आचारी झारा उगारून ओरडला, “आगंडी, आगंडी!” तेलुगू मला येत नाही, पण झारा कळला. “पंगत उठेपर्यंत हात लावायचा न्हाई. बुंदी पाकात पडू द्या आधी.”

आता पंगत उठेपर्यंत करायचं काय? लग्नाच्या मांडवात नुसतं उभं राहता येत नाही. नवरदेव लातूरकडचा. आप्पांच्या गाडीचं लातूरचं पासिंग बघून मुलीकडच्यांनी आम्हाला वरपक्षात धरलं. वरपक्षानं आम्हाला मुलीकडचे समजून नमस्कार केला. कुणीतरी दादांना विचारलं, “तुम्ही नवरदेवाचे चुलते का?”

“हाव,” दादा म्हणाले.

पुढच्या पाच मिनिटांत दादांना टॉवेल-टोपी झाली, कपाळाला गंध लागलं, पुढच्या सोफ्यावर मानाची जागा मिळाली. मी लांबून हातवारे करत होते, तर एका बाईनं माझीच ओटी भरली. आप्पा तोंडाला रुमाल लावून हसत होते. हे कमी पडलं म्हणून की काय, निवेदकानं कर्ण्यावरून, दादांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, ‘आता चुलते दोन शब्द आशीर्वादाचे बोलतील’ म्हणून दादांच्या हातात माइक दिला.

दादांनी माइककडे बघितलं, नवरा-नवरीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी चुलता-बिलता न्हाई. मी मिस्त्री हाय. तुमच्या चुलीपाशी एक पार्ट हाय, तो न्यायला आलोय. पोरांनो, सुखी ऱ्हावा. एकमेकाला काढून ठिवू नका, मंग लई हुडकावं लागतंय.”

मांडव असा काही हसला की वाजंत्रीवाल्यांनी आपण होऊन ताशा बडवला. मुलीचा बाप पुढे आला. मला वाटलं आता आमची वरात निघणार. तो दादांचा हात धरून म्हणाला, “पार्ट न्या, पण जेवल्याबिगर न्यायचं न्हाई.” आम्ही ही पडत्या फळाची आज्ञा मानली. जगातल्या सगळ्यात दुर्मिळ मॅनिफोल्डवर तळलेली बुंदी मी तीनदा वाढून घेतली. पंगत उठेस्तोवर लोहाराच्या मुलानं तीन फाट्यांचा लोखंडी पाइप वेल्डिंग करून आणला आणि आचाऱ्याला दिला. आप्पा पैशाचं बोलायला लागले तर म्हणाला, “मिस्त्रीमामांचंच व्हतं, मामांनी नेलं.”

कार्बोरेटर कुठून आणायचे हा प्रश्न उरला होता. आप्पांनी परदेशात पत्रव्यवहार सुरू केला, आणि ते तिन्ही त्यांच्याच घरी कपाटात निघाले. सोनेरी रंगाची काहीतरी भारी वस्तू म्हणून घरच्या बायकांनी पैठण्यांच्या खाली जपून ठेवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मॅनिफोल्ड धुऊन, घासून, मशीनवर लेव्हल करून घेण्यात पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत दादा पुन्हा गप्प झाले. पुन्हा हाव आणि हाव. मी एकदा इतकी ओरडले की नंतर एकटी रडले.

मग आप्पांचा फोन आला आणि आम्ही लातूरला गेलो. मिलच्या शेडमध्ये हमालांपासून मुनीमजींपर्यंत सगळे गोळा झाले होते. दादांनी तिन्ही कार्बोरेटर स्वतः बसवले. आप्पांनी चावी फिरवली. दोनदा नुसती खोकली, आणि तिसऱ्यांदा ती गाडी जी गर्जली, की शेडच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली आणि मुनीमजींनी टोपी धरली. हमाल शिट्ट्या मारायला लागले. मी टाळ्या पिटत होते. दादांच्या मात्र कपाळाला आठी. “तिघं तीन तालात हायत,” ते म्हणाले.

त्यांनी मिलमधल्या रबरी पाइपचा हातभर तुकडा कापून मागितला. एक टोक कानाला लावलं, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि डोळे मिटले. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज ते ऐकत होते. मग दुसरा, मग तिसरा. स्क्रू केसभर फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. हळूहळू इंजिनाची धडधड एकसारखी होत गेली, आणि दादांच्या चेहऱ्यावर मी किती तरी वर्षांत न बघितलेलं हसू आलं.

आप्पांनी इंजिन बंद केलं. शेड शांत झाली. दादांनी पाइप कानावरून काढला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरं टोक माझ्या तोंडापुढे धरलं.

“बोल,” ते म्हणाले. “वरडू नको.”

गोळी, जेवण, आंघोळ ह्याशिवाय मला काही सुचेना. शेवटी मी अगदी हळू म्हणाले, “दादा, माझं चुकलं. मी तुमच्यावर लई वरडते.”

दादांनी पाइप कानाला आणखी घट्ट लावला. मग म्हणाले, “आवाज तुझ्या आईवाणी झालाय की गं. कधी झाला?”

मी पाइपचं टोक पुन्हा तोंडाशी ओढलं. आप्पा ड्रायव्हरच्या जागेवरून मान बाहेर काढून म्हणाले, “अक्का, बसा ना, गावात फेरी मारू.”

“थांबा हो जरा!” मी त्यांच्यावर खेकसले. “आम्ही बोलून राहिलो.”