मावशीछाप कापूस

परमेश्वराने माणसाला तोंड दिलं ते जेवायला आणि हात दिला तो बोलायला, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. मावसाजी अमरावतीच्या कापूस बाजारात दलाल होते. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे कापसाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दलाल त्यांच्या हातांवर आपलं उपरणं टाकतो आणि त्या उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. चार बोटं धरली की चार, सगळा पंजा धरला की पाच. पुढे दहा समजायचे की शंभर, ते ज्याचं त्याला कळतं. भोवती जमलेल्या घोळक्याला दिसतं ते फक्त वळवळणारं उपरणं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दगडी चेहरे. भाव उघड्यावर बोलणारा दलाल म्हणजे भर बाजारात धोतर फेडणारा माणूस, असं मावसाजी म्हणत, आणि हे म्हणतानासुद्धा आवाज खाली आणत.

बाजारात हे ठीकच होतं. पण मावसाजींनी तो नेम घरी आणला, गल्लीत आणला, देवळात आणला. भाजीवाली दारात आली की हे तिच्या टोपलीवर उपरणं टाकून हात खाली सारायचे. ती बिचारी ओरडायची, "अवो मालक, वांगं हाय ते, हत्ती नाई!" भटजींची दक्षिणा उपरण्याखाली ठरायची, आणि सोवळं मोडलं म्हणून भटजींना पुन्हा आंघोळ करावी लागायची, तिचेही वेगळे पैसे पुन्हा उपरण्याखाली. कहर झाला तो एका लग्नात. मंगलाष्टकं चालली होती, नवरानवरीच्या मध्ये अंतरपाट धरलेला, आणि मावसाजी मामाच्या शेजारी उभे. समोर कापड, कापडाच्या दोन बाजूंना दोन माणसं! त्यांचा हात आपोआप खालून आत गेला आणि त्यांनी नवऱ्यामुलाची तीन बोटं दाबली. मुलगा बाजारातल्याच घरचा. त्याने गंभीर चेहऱ्याने चार बोटं दाबून उत्तर दिलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी हार घेऊन उभी आणि नवऱ्याचा हात मावसाजींच्या हातात!

एकदा उपरणं पडलं की मावसाजींना सौद्याचा ज्वर चढायचा. आपण काय विकतोय हे मग ते विसरत. माझे आजोबा, म्हणजे त्यांचे सासरे, पाहुणे म्हणून आले असताना मावसाजींनी घरातली बाज विकली. घेणारा ती न्यायला आला तेव्हा आजोबा तिच्यावर घोरत पडले होते. "माल रिकामा करून देतो असं बोललो नवतो," एवढंच मावसाजी म्हणाले. मावशी त्या दिवशी पदर तोंडात कोंबून हसली. तिचं ते हसणं गल्लीत प्रसिद्ध होतं, म्हणजे कुणी पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं होतं. गल्लीतली लहानथोर सगळी तिला मावशीच म्हणायची.

पुढे तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसावाचून गत्यंतर राहिलं नाही, आणि वऱ्हाडात पैसा असा आला की लोकांना तो ठेवावा कुठे कळेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली, कोणी घोडी घेऊन तिला भिऊन पायी चालू लागला. माझं सुतळी-बारदानाचं साधं दुकान, पण मीसुद्धा अत्तर लावू लागलो. आणि या पैशाच्या वासाने मुंबईहून एक तसबीरवाला आला. चिंचेखाली त्याने तंबू ठोकला. तीन पायांवर पेटी, पेटीवर काळं कापड, आणि त्या कापडात डोकं घालून तो मियाँ कितीतरी वेळ उभा. मावसाजी थक्क झाले.

"बापू, आपन नुस्ता हात घालतो," ते माझ्या कानात म्हणाले, "हा तं मुंडकंच घालून राहिला! मोठा सौदा दिसते."

आणि पुढे होऊन त्यांनी काळ्या कापडात हात सारला.

"हुजूर, हाथ निकालिए!" आतून मियाँ किंचाळला. समोर तासाभरापासून मिशा ताणून बसलेल्या पाटलाची तसबीर बिघडली ती बिघडलीच.

त्या नुकसानीची भरपाई म्हणून मावसाजींना एक तसबीर काढून घ्यावी लागली. त्यांनी मावशीला बसवलं. "तसबिरीनं आयुष्य कमी होते म्हणतात," मावशी कुरकुरली, पण काळी चंद्रकळा नेसून, मांडीवर कापूस घेऊन बसली. मियाँने सांगितलं, हलायचं नाही. नेमकी एक माशी आली आणि तिच्या नाकावर बसली. मावशी हलली नाही; पण ओठांच्या कडेला ते हसू आलं, फुटायच्या बेतातलं. पेटीतल्या काचेने नेमकं तेच धरलं. जे हसू आम्ही घरच्यांनीही पदराआडून पाहिलं होतं, ते आता उघड्यावर आलं होतं.

ही तसबीर काचेवरून कागदावर उतरून तंबूत सुकत असताना मुंबईच्या एका शेठची नजर तिच्यावर पडली. या शेठची पेढी अकोल्याला होती. त्याला आपल्या गाठींवर लावायला छाप हवी होती. "कुणाच्या गाठीवर हत्ती हाय, कुणाच्या वाघ," तो म्हणाला, "पण कापूस घेऊन हसणारी लक्ष्मी कुणाकडे नाय." मियाँ म्हणाला, "काच मेरी है, सेठ, मगर चेहरा इनके घर का है." आणि एवढं झाल्यावर मावसाजींनी काय करावं? माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिघांच्या हातांवर टाकलं.

तीन हातांचा सौदा मी तेव्हाच पाहिला. मियाँला बोटांची भाषा येत नव्हती. तो घाबरून मिळेल ते बोट दाबायचा आणि भाव चढायचा. शेठच्या कपाळावर घाम. मावसाजींच्या चेहऱ्यावर मात्र समाधी. उपरणं उठलं तेव्हा काच शेठची झाली होती. मावसाजींना चेहऱ्याचे पैसे मिळाले होते, आणि वर त्यांनी शेठकडून आणि मियाँकडून, दोन्हीकडून दलाली घेतली होती.

"एवढीशी काच, बापू!" ते परतताना म्हणाले, आणि चालता चालता उपरण्याखाली माझी बोटं दाबून त्यांनी आकडा सांगितला. चांगली बैलजोडी आली असती. मीही टाळी दिली.

एका काचेवरून हवे तेवढे कागद निघतात, हे मियाँने त्यांना सांगितलं होतं. पण ते तोंडाने सांगितलं होतं, आणि तोंडाने सांगितलेलं मावसाजी धरत नसत. त्यांच्या हिशेबी माल एकदा विकला की गेला. शेठ ती तसबीर आपल्या गादीमागे टांगील, फार तर उदबत्ती लावील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्या हंगामात एका सकाळी अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली. प्रत्येक गाडीवर गाठी आणि प्रत्येक गाठीवर खळीने चिकटवलेली माझी मावशी! मुंबईच्या शिळाछापवाल्याने तिचे ओठ लाल केले होते आणि नाकात नसलेली नथ घातली होती, पण हसू तेच होतं. मापारी ओरडत होता, "मावशीच्या गाठी डावीकडं घ्या रे! मावशीले भिजू नका देऊ!" एक गाडीवान दुसऱ्याला म्हणाला, "मावशीछाप पाहूनच घे, बाकी माल खोटा." मी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि आत अंधारात बसलो. पण फटीतून दिसायचं ते दिसलंच. एक बैल पुढच्या गाडीवरची खळ चाटत होता, मावशीचा अर्धा गाल त्याने नेला होता, आणि मावसाजी त्याच्या तोंडावर उपरणं मारत होते. "हाल्या, हो मांगं! मांगं हो!" बैल हटला. मग मावसाजी उपरण्याच्या टोकाने तो ओला कागद टिपत राहिले. लोक हसत होते. मावसाजींनी वर पाहिलं नाही.

मावशीला देवळात कळलं. "मावशी, तुमी तं विलायतले निंगाल्या!" असं कोणीतरी म्हणालं. ती घरी आली, चुलीसमोर बसली. मी तिथेच होतो. मावसाजी दारात उभे.

"अजी," मावशी म्हणाली, "माह्या तोंडाचा भाव किती आला?"

मावसाजी जवळ गेले, खाली बसले, आणि खरं सांगतो, त्यांनी सवयीने उपरण्याखालून हात पुढे केला.

"बोटं नोका दाखवू. तोंडानं सांगा."

मावसाजींनी हात मागे घेतला आणि ते उपरण्याची घडी घालू लागले.

मावशीने पदर पुढे ओढला, हनुवटीपर्यंत. "बाजारात उघडं पडलं," ती म्हणाली, "आता घरात तरी झाकू द्या."

त्या दिवसापासून ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासमोर, परक्यासमोर असावी तशी पदराआड राहू लागली. वाढायची, पाणी द्यायची, बोलायचीसुद्धा, पण चेहरा नाही. मावसाजींनी आठवडाभर हे सोसलं. मग एका पहाटे माझ्या दाराशी रेंगी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, आणून उभी केली. "चाल बापू, अकोल्याले. ते वापस घेऊन येऊ."

तो प्रवास मी विसरणार नाही. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि सगळ्यांवर मावशी. मावसाजी या कुशीला वळले की तिकडे मावशी, त्या कुशीला वळले की इकडे. मूर्तिजापूरला बैल सोडले तिथेही झाडाखाली तिच्याच गाठी उतरवलेल्या. "घरी तोंड दिसत नाई," ते म्हणाले, "आन् हितं जिकडं पाहो तिकडं तेच. म्या काय करू, बापू?" मी थट्टा करणार होतो, ती सोडून बैलांना चारा घालायला उठलो.

अकोल्याच्या पेढीवर गर्दी होती. आसपासचे सगळे दलाल बसलेले. शेठने मावसाजींना पाहून हात पसरले. "या या! नवी तसबीर आणली काय?" आणि त्याने स्वतःच आपलं उपरणं पुढे केलं.

मावसाजी बसले नाहीत. दोन्ही हात त्यांनी मागे बांधले.

"शेठ, आज हात नाई. आज तोंडानं."

मग मावसाजींनी तो आकडा उच्चारला. मोठ्याने. मी तो इथे लिहीत नाही. तो उच्चारायचा अधिकार त्यांचा होता. "एवढ्याले म्या माह्या बायकोचं तोंड इकलं," ते म्हणाले. "दोन्हीकून दलाली बी खाल्ली. आता ते वापस घ्याले आलो. तुमी म्हणान तो भाव. म्या घासाघीस करनार नाई."

काही दलालांनी माना फिरवल्या. त्यांना बायकोचं काही वाटलं नव्हतं. झालेल्या सौद्याचा आकडा उघड्यावर बोललेला दलाल त्यांनी प्रथमच पाहिला होता. अशा माणसाच्या उपरण्याखाली पुन्हा कोण हात घालणार? हे मावसाजींना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचे कान लाल झाले होते, जणू खरोखरच धोतर फिटलं होतं. पण ते उभे राहिले.

कोपऱ्यातला एक म्हातारा दलाल म्हणाला, "शेठ, देऊन टाका." शेठने खाली पाहिलं, मुनिमाला खूण केली. काच आली. शेठने दिले तेवढेच पैसे परत घेतले, एक पैसा जास्त नाही. "उरलेले कागद मी जाळतो," तो म्हणाला. "पण जे गाठींवर गेले, ते समुद्रापल्याड गेले. ते कसे आणू?"

घरी आल्यावर मावसाजींनी उपरण्यातून काच काढून मावशीच्या हातात दिली आणि ओसरीवर उभं राहून तो आकडा पुन्हा एकदा मोठ्याने सांगितला. शेजारच्या ओसरीपर्यंत ऐकू गेला. मावशीने पदराआडून काच उजेडाकडे धरली. काचेत चेहरा काळा आणि केस पांढरेशुभ्र. काच उलटी दाखवते, हे आम्हाला कुठे माहीत! "ही तं मी म्हातारी झाल्यावरची," ती म्हणाली, आणि काच मांडीवर ठेवली. मांडीवर काळी चंद्रकळा होती. त्या काळ्यावर काच टेकली आणि चेहरा सरळ झाला: गोरा गाल, काळे केस, ओठांच्या कडेचं हसू. मावशी किती वेळ पाहत राहिली. मग तिने पदर मागे सारला. हसली नाही, पण चेहरा दिसला. मावसाजी खांबाला धरून खाली बसले.

दलाली अर्थातच संपली. पुढे लढाई थांबली, कापूस पडला, चांदीची टोपणं शिंगांवरून उतरली आणि मी अत्तर सोडलं. मावसाजी सरकी विकू लागले आणि तिचा भाव इतक्या मोठ्याने सांगू लागले की झोपलेली पोरं उठायची. "हळू सांगा ना," मावशी आतून म्हणायची, "गाईले समजलं तं महाग म्हणून खानार नाई!"

उपरणं मात्र त्यांनी टाकलं नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत, मध्ये ते उपरणं पडलेलं असे, आणि खाली काहीतरी हलत असे. काय भाव चालला होता देव जाणे. मी कधी विचारलं तर मावशी तेच हसायची, पदर न घेता. आता मावशी नाही. परवा गेलो तेव्हा मावसाजी ओट्यावर एकटेच होते. शेजारच्या रिकाम्या जागेवर उपरणं नीट पसरलेलं, आणि त्याखाली त्यांचा हात, अगदी स्थिर, समोरच्याच्या उत्तराची वाट पाहत असल्यासारखा.