शोभनाची तलवार आणि अर्धं लिंबू

खंडेनवमीच्या संध्याकाळी करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या शोभना रेगेने नवऱ्यावर तलवार उगारली, शैलेंद्रने दोन्ही हात वर केले आणि सासूबाई मध्ये पडल्या म्हणून त्याची मान शाबूत राहिली. ही बातमी दुसऱ्या दिवशी सोनं वाटायची वेळ होईपर्यंत लिफ्टने सगळे मजले फिरून आली होती. समोरच्या विंगमधल्या वैभवीने ती स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेली. दुसऱ्या मजल्यावर उतरेपर्यंत बातमीला रक्ताचे दोन थेंबही लागले होते.

आता खरं सांगायचं तर तलवार होती, हात वर होते आणि सासूबाईही मध्ये होत्या. फक्त शैलेंद्र पडदा धरून उभा होता. शोभनाला पात्यावर उजेड हवा होता, आणि रेग्यांच्या हॉलमधला पडद्याचा दांडा गणपतीपासून एका बाजूने निखळलेला आहे, हे वैभवीला माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार? तिथे तलवारीची तपासणी चालली होती. पण तपासणीच्या आधी त्या घरात जे घडलं, त्यापुढे मारामारी परवडली.

शोभनाची नोकरी जबल अलीच्या बंदरात. बोटीतून आलेला माल भिजलेला, चेपलेला, फुटलेला निघाला, की तो वाटेत फुटला की निघतानाच फुटका होता, हे पाहून ती रिपोर्ट देते. ‘माझ्या बायकोला संशय घ्यायचा पगार मिळतो,’ असं शैलेंद्र चारचौघांत सांगतो. त्याआधी ती अबुधाबीत एका जपानी साहेबांच्या हाताखाली होती. हे हायाशीसान जुन्या तलवारींचे वेडे. त्यांनी मायदेशी परतताना वेड हिला देऊन टाकलं, आणि सोबत स्वतःकडची एक आखूड तलवारही, सगळी कागदपत्रं रीतसर करून. इतर बायका गोल्ड सूककडे, सोन्याच्या बाजाराकडे वळतात, ही गंजलेल्या लोखंडाकडे वळली. मूठ काढून पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, पात्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही, उघडं बोट लावायचं नाही, हे साहेबांचे नियम ती सोवळ्यासारखी पाळते. पात्याला लवंगेचं तेल लावते. त्या वासामुळे व्हिजिट व्हिसावर आलेल्या सगुणाबाईंची, म्हणजे तिच्या सासूबाईंची, पहिला आठवडाभर समजूत होती की सुनेची दाढ ठणकते आहे आणि बिचारी सांगत नाही.

ही खंडेनवमीची तलवार मात्र शोभनाची नव्हती, आणि सगळा घोळ तिथेच होता.

ती आणली झुबेर परकारने. झुबेर मूळचा दापोलीकडचा, रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात आहे, त्यालाही हाच नाद. त्याचे वडील बोटीवर होते, त्यांनी कोबेहून आणलेली एक लहान तलवार त्याच्याकडे आहे. वडील गेले, तलवार राहिली. अबुधाबीच्या एका विक्रेत्याने त्याला एक लांब, घडवणाऱ्या लोहाराची सही असलेली तलवार दाखवली. चारशे वर्षांची आहे म्हणाला, आणि अदलाबदलीत ती वडिलांची मागितली. नवमीच्या संध्याकाळपर्यंत बघा, मग हो की नाही कळवा, अशी बोली.

“ताई, तुम्ही हो म्हणालात तर देतो,” झुबेर म्हणाला होता. “नाही म्हणालात तर खलास. बापाची वस्तू आहे, म्हणून विचारतो.”

शोभनाने मूठ उतरवली. पात्याचा जो भाग मुठीच्या आत दडलेला असतो त्याला जपानी लोक नाकागो म्हणतात. पातं घासतात, पाजळतात, पण नाकागोला कोणी हात लावत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा गंज तिथे बसतो आणि वापरातल्या बिडाच्या तव्यासारखा काळा, गुळगुळीत होतो. तोच तलवारीचा जन्मदाखला. तो घासून काढला की तलवारीला वय उरत नाही, मग ती विळीच्या पंक्तीला. या नाकागोवर गंज भरपूर होता, तपकिरी, जाडसर. त्यात कोरलेली सहीही होती. सहीच्या कडा शोभनाला जरा जास्त धारदार वाटल्या. तरी ती झुबेरला फोनवर म्हणून गेली, “बहुतेक जुनी आहे. उद्या दिवसाउजेडी पातं नीट बघते, मग पक्कं सांगते.”

झुबेरने ‘जुनी’ ऐकलं. ‘बहुतेक’ रास अल खैमाच्या वाटेवर कुठेतरी सांडलं.

नवमीला सकाळी तिने पातं पांढऱ्या फडक्यावर काढून ठेवलं, तेवढ्यात जबल अलीहून फोन आला की एक कंटेनर भिजून आलाय. ती फडकं दुमडून, बेडरूमचं दार ओढून पळाली. एरवी स्वतःची तलवार कुलपात ठेवणारी बाई. पण म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

दुपारी कंटेनरसमोर उभी असताना फॅमिली ग्रुपवर फोटो आला. पाट, रांगोळी, शैलेंद्रचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन, आणि मधोमध झुबेरची तलवार. खाली सगुणाबाईंनी लिहिलं होतं, ‘खरं शस्त्र घरात असताना ड्रिलची पूजा कशाला? मुठीकडे फारच गंज आहे. गंजलेलं शस्त्र पुजू नये. चिंच संपली आहे, लिंबाने घासते.’ त्याखाली कॉलेजातून मिहिकाने, म्हणजे नातीने, लगेच उत्तर टाकलं होतं, ‘सो प्रिटी, आजी’ आणि तीन बदाम.

शोभना कंटेनरपासून बाजूला झाली. तिने सासूबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सगुणाबाई पूजेच्या वेळी फोन उशीखाली ठेवतात, त्यावर बोलणाऱ्या माणसांचा विटाळ नको म्हणून.

तिने शैलेंद्रला लावला. “कुठे आहेस?”

“मीना बाजारला. झेंडूच्या रांगेत. पंधरा दिरहम किलो म्हणतोय, म्हणजे तीनशे साठ रुपये झाले की गं...”

“शैलेंद्र, फुलं सोड. घरी जा. आई तलवार घासतायत.”

“मग चांगलंय की. तू कधी घासली असतीस?”

“ती झुबेरची पण नाहीये. अबुधाबीवाल्याची आहे. ती खराब झाली तर तो परत घेणार नाही. झुबेरला वडिलांची द्यावी लागेल. पळ.”

तिचा आवाज ऐकून शैलेंद्रने फुलं खरंच सोडली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्याने भाव न करता रांग सोडली.

जबल अलीहून करामा म्हणजे शेख झायेद रोडची सरळसोट वाट, पण त्या दिवशी पुढे कुठेतरी गाड्या ठोकल्या होत्या आणि सगळं तुंबलं होतं. शोभना स्टीअरिंग घट्ट धरून पुढच्या ट्रकच्या दिव्यांकडे पाहत राहिली. डोळ्यांसमोर लिंबाची फोड फिरत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. दुसऱ्यांच्या फुटक्या मालाचे रिपोर्ट तिने जन्मभर लिहिले. आज माल तिच्या घरात फुटत होता, तिच्या निष्काळजीपणाने. झुबेरने विचारायच्या आत आपणच सांगायचं, हे तिने ठरवलं. आणि विक्रेता अडून बसला तर हायाशीसानांची तलवार त्याच्यापुढे ठेवायची, हेही. दुसरा विचार मनात आल्याबरोबर तिचे डोळे भरले, पण तो तिने मागे घेतला नाही.

दारात शैलेंद्र धापा टाकत उभा होता. तिच्या आधी पोचला होता, पण उशीरच झाला होता. त्याने नुसती मान हलवली.

पाटाजवळ सगुणाबाई प्रसन्न बसलेल्या. “ये, ये. बघ कसं लख्ख झालंय. अर्ध्या लिंबातच निघालं. उगाच राख शोधत होते.”

शोभनाने ओरडायला तोंड उघडलं होतं, पण पातं समोर होतं, आणि पात्यासमोर बोलायचं नाही. ती खाली बसली. नाकागो चमच्यासारखा चकाकत होता. शेजारी वाटीत पाणी, अगदी कडक चहाच्या रंगाचं. लिंबाची फोड विटकरी झालेली.

तिने त्या वाटीकडे पाहिलं. मग फोडीकडे. मग पुन्हा वाटीकडे.

“आई, किती वेळ घासलंत?”

“अगं वेळ कसला? दोनदा फिरवलं. समईला जास्त लागतं.”

“अर्ध्या लिंबात?”

“रागावलीस का?”

“थांबा जरा,” शोभना म्हणाली आणि भिंग आणायला उठली.

तिच्या आखूड तलवारीचा गंज काळा आहे, धातूत मुरलेला. तो लिंबाने डागाळला असता, विटला असता, पण असा चहा होऊन वाटीत उतरला नसता. भिंगाखाली सहीच्या खोबणीत तळापर्यंत कोरं लोखंड लखलखत होतं. आणि जुन्या लोहाराच्या हातच्या कानशीचे तिरके ओरखडे जिथे असायला हवे, तिथे गोल गोल फेऱ्या होत्या. ग्राइंडरच्या. गंज त्यांच्यावर वरून चढवलेला होता, पांघरुणासारखा.

“शैलेंद्र, पडदा धर. दोन्ही हातांनी, वर.”

त्याने धरला. तिने पातं खिडकीकडे उचललं, नाकासमोर आडवं, उन्हाच्या तिरपीत. धारेलगत जी ढगासारखी पांढुरकी रेघ असते, ती खऱ्या तलवारीत उजेडाखाली दवासारखी बारीक चमकते. इथे ती सपाट होती, खडूने आखल्यासारखी. सगुणाबाई घाबरून दोघांच्या मध्ये आल्या. “अगं जपून. नवरा आहे समोर.” नेमक्या याच वेळी समोरच्या विंगमध्ये वैभवी फोडणी देत होती.

झुबेर आला तेव्हा शोभनाने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. आधी सांगितलं. “माझ्या घरात याचा गंज घासला गेला. चूक माझी आहे, मी ती उघडी ठेवली.”

झुबेर सोफ्याच्या कडेला टेकला. “म्हणजे आता तो परत घेणार नाही, ताई. बाबांची गेली.”

“आता हे बघ.” तिने भिंग त्याच्या हातात दिलं.

त्याने पाहिलं. वर मान केली, पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर रंग परतला, पण पुरता नाही. “हे आपल्याला कळलं. त्याला कसं पटवायचं?”

शोभनाने तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावला, स्पीकरवर. तो आधी गोड बोलला. मग घासल्याचं ऐकताच त्याचा सूर बदलला. “हबीबी, वस्तू तुमच्या घरात बिघडली. आता अदलाबदल झाली समजा.”

“घासली ही माझी चूक, मान्य,” शोभना म्हणाली. “पण गंजाखाली ग्राइंडरचे ओरखडे निघालेत. चारशे वर्षांपूर्वीचा लोहार ग्राइंडर कोणत्या सॉकेटला लावत होता, तेवढं सांगा. फोटो काढलेत. तुम्ही म्हणाल त्या जाणकाराला दाखवू.”

झुबेर फोनवर ओणवा झालेला. शैलेंद्र अजून पडदा धरूनच उभा, सोड म्हणून कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

“परत पाठवा,” पलीकडून आवाज आला. “खलास.”

झुबेर उठला आणि सगुणाबाईंच्या पायाशी वाकला. “आजी, माझ्या बापाची तलवार वाचवलीत.”

“मग तीही घेऊन ये की,” सगुणाबाई म्हणाल्या. “लिंबू उरलंय अर्धं.”

“नको,” झुबेर आणि शोभना एकदमच म्हणाले.

रात्री सगळं आवरल्यावर शोभनाने सासूबाईंना जवळ बसवून समजावलं, की तलवार खरी असती तर आज तिचा जीवच गेला असता, पुन्हा असं करायचं नाही. त्यांनी मान डोलावली आणि ड्रिलची पूजा केली.

दसऱ्याला खालच्या हॉलमध्ये सोनं वाटताना वैभवीने तिला गाठलंच. तोवर खरी हकिगत बाहेर आली होती, आणि रक्ताच्या थेंबांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. म्हणून तिने दुसरीकडून धरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय गं शोभना, इतकी वर्षं अभ्यास केलास, आणि निकाल शेवटी सासूबाईंच्या लिंबाने लावला म्हणे?”

शोभनाने आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवलं.

“लिंबाने गंज काढला, वैभवी. तो खोटा होता हे मी पाहिलं. त्याच वेळी, त्याच तलवारीकडे तूही बघत होतीस, आणि तुला दिसला माझ्या नवऱ्याचा मुडदा.”