मंगळवारचं मेडिकल

कार्ल्याच्या वरच्या वाडीत सावित्राबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. जन्मभर लोकांच्या भातखाचरात वाकून लावणी केली, पण मुकादमाचा चढा शब्द कधी ऐकून घेतला नाही. तिचा जीव अडकायचा तो फक्त लेकीत, आरतीत. पोरीला फिट यायच्या. रोजची गोळी चुकली की पोर कोसळायची; मागच्या खेपेला चुलीतच पडली आणि हात भाजून घेतला.

शनिवारी राजेंद्र नावाचा माणूस वाडीवर आला. तालुक्यात औषधांची दुकानं कुठं कमी पडतात ते बघून नवीन कुठं काढायचं, हे ठरवणाऱ्या एका संस्थेचा तो माणूस. रोजचं औषध लागणारं वाडीत हे एकच घर, म्हणून त्याच्या कागदावर अंगठा सावित्राबाईचाच हवा होता.

"मावशी, खाली रस्त्यावर मेडिकल आहे. उघडं बघूनच आलो. सोय पुरेशी आहे, असं लिहिलंय. करा अंगठा."

सावित्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शनवार-रविवार फिरायला येणाऱ्यांसाठी उघडतोय त्यो. उन्हाची क्रीम ठेवतोय, माज्या पोरीची गोळी न्हाई. सोमवारी ये म्हनतो, अन् सोमवारपास्नं कुलूप. तुमी मंगळवारी या."

"मंगळवारी दुपारी मला अहवाल द्यायचाय."

"मंग सकाळी या."

मंगळवारी झक मारत आला. शटर बंद, आणि पायरीवर मायलेकी बसलेल्या. शेवटची गोळी आरतीनं आदल्या दिवशीच घेतली होती. राजेंद्रनं कपाळाला आठ्या घालत 'कधीकधी बंद' असं लिहिलं. आरती सातवी शिकलेली, तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कधीकधी व्हय? खोडा ते," सावित्राबाई म्हणाली. "अन् काढा गाडी. गोळी कुटं मिळती ते बगू."

कामशेतच्या दोन्ही दुकानांत गोळी नव्हती. गोळी मिळाली ती थेट वडगावात. किती किलोमीटर झाले ते सावित्राबाईनं गाडीच्या मीटरवर आरतीकडून वाचून घेतलं आणि राजेंद्रला 'कधीकधी' खोडून ते कागदावर लिहायला लावलं. महिन्याच्या गोळ्या घेतल्या, दुकानातून पाणी मागून घेतलं, गोळी पोरीच्या घशाखाली उतरलेली बघितली आणि मगच अंगठा दिला.

कागद हातात पडताच राजेंद्रनं गाडी वळवली. परत सोडतो, एवढं म्हणायचीही त्याची दानत नव्हती. मायलेकी स्टँडकडं चालू लागल्या. आरतीच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या होत्या, अन् कागदावर खरं लिहिलेलं होतं. त्या माणसाकडून सावित्राबाईला दुसरं काही नकोच होतं.